खिसे रिकामे कर

जमैका, क्वीन्स, न्यूयॉर्क
रविवार सकाळ

प्रिय दिल्या,

ओंकारला ॲडमिशन मिळाल्याचा आनंद तू अडीच ओळींत उरकलास आणि पुढची दोन पानं गांजावर खर्च केलीस! ‘तिथं म्हणे मोकळीक आहे, पोरगं बिघडेल का?’ फोनवर ‘नाही रे’ म्हणून मोकळा झालो असतो. पण सतरा वर्षं मी याच इमारतीत राहतोय आणि या प्रकरणातलं बरंच काही माझ्याच जिन्यात घडलंय. म्हणून नीट लिहितो.

आधी तुझी मुख्य भीती. हो, वास येतो. माहुलीच्या घाटावर बैराग्यांच्या चिलमीचा यायचा ना, तोच. फक्त इथं तो लॅपटॉपची बॅग अडकवून ऑफिसला निघालेल्या माणसाच्या मागून येतो. पहिले सहा महिने मी नाक मुरडलं, आता लक्षातही येत नाही.

पण तुला वाटतं तशी ही मोकळीक कालपरवाची नाही. न्यूयॉर्क राज्यानं 1977 सालीच 25 ग्रॅमपर्यंतचा गांजा जवळ बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. पहिल्यांदा सापडलात तर फार तर 100 डॉलर दंड, तुरुंग नाही. मात्र कायद्यात एक बारीक फट ठेवली होती: गांजा चारचौघांत उघड दिसत असेल किंवा ओढत असाल, तर तो गुन्हाच. 90 च्या दशकाच्या सुरुवातीला या शहरात अशा अटका वर्षाला हजाराच्या आसपास होत्या. 2011 साली त्या 50 हजारांवर गेल्या. कायदा तोच, त्यातला शब्दही बदललेला नाही!

हे कसं झालं ते मी 2010 मध्ये पाहिलं. खालच्या मजल्यावर एक काळ्या आजी राहतात, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांचा एकोणीस वर्षांचा नातू लिफ्टपाशी उभा होता. दोन पोलीस आले, म्हणाले, “खिसे रिकामे कर.” पोरानं ऐकलं. किल्ल्या, बसचं कार्ड आणि एक पुडी, आपल्या तपकिरीच्या डबीएवढी, तळहातावर आली. झालं, गांजा ‘उघड दिसला’. खिशात होता तोवर दंडाचं प्रकरण, पोलिसांचं ऐकून बाहेर काढला की गुन्हा. बेड्या, क्यू गार्डन्सच्या कोठडीत एक रात्र, बोटांचे ठसे. कोर्टानं खटला वर्षभर लांबणीवर टाकला: तोवर काही केलं नाहीस तर निकालात काढू. ही इथली रूढ पद्धत होती. पण त्या वर्षभरात सुरक्षारक्षकाच्या लायसनचा त्याचा अर्ज अडकून पडला. आजी मला म्हणाल्या, “तू कधी खिसे रिकामे केलेस?” मी कधीच नाही. मला कुणी विचारलंच नाही रे.

आजींनी विचारलं ते खरंच होतं. गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्यांत आणि काळ्यांत जवळपास सारखं, असं इथली सर्वेक्षणं वर्षानुवर्षं सांगत होती. अटकेत मात्र दहातले आठ-नऊ जण काळे किंवा लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे. त्या 2011 सालीच पोलिसांनी रस्त्यात अडवून चौकशी केल्याच्या 6 लाख 85 हजार नोंदी आहेत. न्यायाधीश शिरा शेंडलिन यांनी 2013 मध्ये ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याआधी 2011 च्या सप्टेंबरात पोलीस आयुक्त रे केली यांनी हुकूम काढला होता, की पोलिसांच्या सांगण्यावरून बाहेर काढलेल्या पुडीवर अटक करू नका. कायदा होऊन तोवर चौतीस वर्षं झाली होती!

नोव्हेंबर 2014 मध्ये महापौर डी ब्लाझिओंनी 25 ग्रॅमच्या आत अटकेऐवजी समन्स द्यायला सांगितलं. अटका उतरल्या, पण 2017 सालीही अठरा हजारांच्या आसपास होत्याच, आणि त्यांत चेहरे तेच. मग 2018 मध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी असे खटले चालवायलाच नकार दिला, 2019 मध्ये राज्यानं दंड 50 डॉलरवर आणला, आणि 31 मार्च 2021 ला एकवीस वर्षांवरच्यांना तीन औंसांपर्यंत (सुमारे 85 ग्रॅम) पूर्ण मुभा मिळाली. जुन्या नोंदीही पुसायचं ठरलं.

सगळं गोडच झालं असं नाही. पहिलं कायदेशीर दुकान उघडायला डिसेंबर 2022 उजाडला. मधल्या काळात शहरभर शेकड्यांनी बेकायदा दुकानं निघाली. माझ्या कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात हिरवे दिवे लागले. काचेमागं गोळ्या-चॉकलेटांसारखी रंगीत पाकिटं, समोर शाळेचा बसस्टॉप. त्याचा मला राग येतो, अजूनही. 2024 मध्ये शहरानं अशा दुकानांना धडाधड कुलपं लावली, त्यात हेही गेलं. परवाने द्यायला दीड वर्ष लावायचं आणि मग चोरबाजार फोफावला म्हणून कपाळावर हात मारायचा, हा उद्योग आपल्याकडच्याच सरकारांना जमतो असं मी समजत होतो.

आता ओंकारसाठी, आणि हे त्याला मोठ्यानं वाचून दाखव. ही मुभा न्यूयॉर्क राज्याची आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून बंदी असलेलाच पदार्थ आहे, आणि व्हिसा देणारं, विमानतळावर शिक्का मारणारं खातं केंद्राचं. इथल्या नागरिकाच्या पोरानं दुकानातून पावती घेऊन ओढला तर कुणी विचारत नाही. आपल्या पोरानं तेच करून अधिकाऱ्यासमोर भोळेपणानं ‘हो, एकदा घेतला होता’ म्हटलं, तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. अशा दुकानात नोकरी तर नकोच. ग्रीनकार्डवाल्यांनाही नागरिकत्वाच्या वेळी हे आडवं येतं, 2019 पासून तशी लेखी सूचनाच आहे. तेव्हा तुझं पोरगं बिघडेल का, ते तूच जाण, तुझ्यावर गेलं असेल तर अवघड आहे. मला काळजी आहे ती त्याला हा दुहेरी कारभार माहीत नसण्याची.

आजी आता थकल्यात. नातू पस्तिशीचा झाला, त्याला मुलगी आहे. परवा तो आणि मी कोपऱ्यावर सिग्नलला उभे होतो. शेजारी एक जण खुशाल ओढत होता आणि पोलीस त्याच्याकडं ढुंकूनही न बघता कॉफी पीत होता. आम्ही पोलिसासमोरून गेलो तेव्हा नातवाचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशातून बाहेर आले आणि रस्ता ओलांडेपर्यंत बाहेरच राहिले. थंडी चांगलीच होती.

ओंकारच्या विमानाची वेळ कळव. जेएफके विमानतळ इथून जवळ आहे, एअरट्रेननं जाऊन मीच घेऊन येतो. पहिला आठवडा आमच्याकडंच राहू दे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या