बोट पोचेल असं भांडं

महाल, नागपूर
४ मे

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

बाबा परवा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघून राहिले आहेत. त्यांच्याजवळ एक खोकं दिलंय. फोनवर सगळं सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि डोळे लॅपटॉपवर असतात. म्हणून लिहिते.

मीराचं वरचं खाणं आता सुरू होईल, त्यासाठी घ्यायचं म्हणून तू पाठवलेला त्या मशीनचा फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. वाफवतं पण तेच, वाटतं पण तेच, किंमत नऊ हजार. पाण्याची टाकी आत, पातं बुडाशी, झाकणाला रबर, त्या रबराला आणखी खाच. कामाचं असेल, मी नाही म्हणत नाही. पण टाकीत क्षार बसतील ते खरवडायला बोट आत जातं का? नाही जात. मग बाप्पा, माझ्यासाठी विषय तिथंच संपला. शिवाय ते चालणार किती दिवस? आठव्या-नवव्या महिन्यात पोर हातानं तुकडा धरून खायला लागतं, वर्षाचं झालं की आपल्याच ताटातलं खातं.

मी इतकी घासण्याच्या मागे काहून लागते, ते सांगते. तुला आठवायचं कारण नाही. १९९५ चा मे महिना, तू सहा महिन्यांचा. तुझ्या आजीनं तिच्या माहेरचं चांदीचं बोंडलं, म्हणजे तान्ह्याला पाजायचं चोचीचं भांडं, काढलं. इतकं सुरेख, की पाहत राहावं. त्यातून मी तुला तांदळाची पेज पाजत होते. रोज राखेनं घासायची, वरून आरशासारखं चमकायचं. एक दिवस दुपारी तोंडाशी नेलं आणि आंबूस वास आला. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून चोचीत घातला, तर पिवळट, चिकट गोळा बाहेर आला. किती दिवसांचा होता कोणास ठाऊक. तोवर तुला जुलाब सुरू झालेच होते. तीन दिवस चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत रात्री काढल्या. डॉक्टरांनी बोंडलं हातात घेतलं, चोचीतून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाटी-चमचा घ्या." आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चूक माझीच होती, त्यांची नाही. मला जेवढं दिसत होतं, तेवढंच मी घासत होते.

आता खोक्याकडे ये.

सगळ्यात जड आहे ते पुरणयंत्र. नवं आहे, इतवारीतून आणलं. हसू नकोस. त्याची सगळ्यात बारीक जाळी लाव, शिजलेलं गाजर, मटार, लाल भोपळा, सफरचंद घाल आणि दांडा फिरव. साल आणि रेषा वर राहतात, गर खाली पडतो. मध्ये एक-दोन वेळा दांडा उलटा फिरवायचा, म्हणजे पात्याखाली दबलेलं सुटतं. काम झालं की जाळी, पातं, स्प्रिंग असं सगळं वेगळं होतं आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी हात लागतो. धुऊन स्प्रिंग कोरडी पुसून ठेव. मिक्सरमध्ये गर फारच गुळगुळीत होतो, बटाट्याचा तर डिंक होतो. यंत्रातून निघालेल्याला थोडा कण राहतो आणि पोरीला जिभेनं तो ओळखायला शिकायचंच आहे. दोन महिन्यांनी यंत्र बाजूला ठेवून नुसत्या काट्या-चमच्यानं कुस्कर.

मिक्सर लागेलच कधीतरी. तेव्हा चटणीचं भांडं वापरू नकोस, त्याच्या रबरात लसूण मुरलेला असतो. लहान भांडं वेगळं घे, ज्याचं पातं पिळून निघतं असं.

वाफवायला काही विकत घेऊ नकोस. तुमच्या तीन लिटरच्या कुकरमध्ये किंवा गंजावर स्टीलची चाळणी ठेवून झाकण घातलं की झालं. उकडून पाणी फेकण्यापेक्षा वाफवलेलं बरं, आणि खाली पडलेलं पाणी गर सैल करायला वापर.

वाट्या चार आहेत, झाकणाच्या, स्टीलच्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवत होता, चिकटत नाही म्हणजे अस्सल स्टील म्हणून. मी म्हटलं, भाऊ, कमी निकेलच्या २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, ३०४ चा शिक्का कुठंय ते दाखवा. (बाबा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.) ॲल्युमिनियमच्या भांड्यात टोमॅटो, संत्र्याचा रस असलं आंबट शिजवू नको, ठेवू तर मुळीच नको. प्लास्टिकच्या डब्यात गरम वरण ओतू नको. चमचा मऊ सिलिकॉनचा तुम्हीच घ्या, हिरड्यांना लागत नाही. हळदीनं पिवळा पडेल, पडू दे.

बरणीत मोड आणून, वाळवून, दळून, मलमलच्या कापडातून चाळलेलं नाचणीचं पीठ आहे. साध्या पिठाची लापशी घट्ट होते म्हणून आपण पाणी वाढवतो आणि पोराच्या पोटात पाणीच जातं. मोड आलेल्या पिठाची लापशी पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. कापडही पाठवलंय, पुढच्या वेळी तूच चाळ.

आणि वरणाचं नुसतं पाणी पाजू नकोस, आजीच्या काळची ती सवय मीही धरून बसले होते. डाळ गळेपर्यंत शिजव, गाळू नको, घोट. चमचा तिरपा केला तर खाली ओघळू नये, इतकं दाट हवं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. मीठ-साखर नको, आणि कोणी कितीही म्हटलं तरी वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही.

रश्मीला २६ आठवड्यांची रजा मिळाली खरी, पण त्यातले चार बाळंतपणाआधीच गेले. म्हणजे मीरा सहा महिन्यांची होईल तेव्हा रश्मीला ऑफिसला जाऊन महिना झालेला असेल. घरून काम करतोस तो तू. तेव्हा हे खोकं तुझं आहे, तिचं नाही. गर एकदम करून झाकण असलेल्या बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव, लागेल तेवढे खडे काढून चांगले गरम कर, वितळलेलं परत गोठवू नकोस. चमचा लावलेली वाटी उरली तर टाकून दे, जीव तुटला तरी. इथं पारा पंचेचाळिशीला टेकलाय, शिजवलेलं मी तासाभराच्या आत फ्रीजमध्ये ठेवते. पुणं थंड म्हणून तू निवांत राहशील, ते नको.

उष्टावणाला मीराचा मामा चांदीची वाटी आणणार आहे म्हणे. आणू दे. वाटी उघडी असते, बोट पोचतं. फक्त पुढे अंडं देशील तेव्हा त्यात देऊ नको, काळी पडेल.

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोंडलं आहे, ते रश्मीला दाखव आणि कपाटात ठेव.

बारीक जाळीची गाळणी वरच आहे. ती बाबांच्या नजरेआड ठेव, नाहीतर पहिल्या दिवशीच चहा गाळतील.

तुझी,
आई