येताना दहा तास, जाताना आठ

टोकियो,
नोव्हेंबरचा दुसरा रविवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आईनं पाठवलेला फोटो बघितला. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं बाबांनी पेन्सिलीनं माझ्या जानेवारीच्या टोकियो-बेंगळूर विमानाच्या तिकिटाचा हिशोब मांडलाय. येताना संध्याकाळी 6 ते रात्री 12:30, साडेसहा तास. जाताना रात्री 2:30 ते दुपारी 2, साडेअकरा. खाली दोन रेघा मारून ‘5 तास फरक. चौकशी कर.’ बाबा, डेपोतली सवय काही जात नाही तुमची.

वजाबाकी बरोबर आहे हो, पण घड्याळं दोन आहेत. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या-त्या गावाच्या घड्याळाची असते, आणि टोकियो आपल्या साडेतीन तास पुढं. (आई, जेवणं आटपून तू साडेनऊला फोन करतेस ना, तेव्हा इथं रात्रीचा एक वाजलेला असतो. करू नको म्हणत नाही, पण उचलला नाही तर लगेच शेजारच्या काकूंना गोळा करू नकोस.) ते साडेतीन तास येतानाच्या वेळेत मिळवा, जातानाच्या वेळेतून काढा. दहा आणि आठ. म्हणजे कागदावर जवळचा दिसतो तो घरी यायचा प्रवासच खरा लांबचा.

आता तुम्ही विचारणार, बेंगळूर-टोकियो अंतर दोन्हीकडून तेच, सुमारे 6,700 किलोमीटर, मग हे दोन तास आले कुठून? तुम्ही मला मलप्रभेत पोहायला शिकवलंत ते आठवतंय? धारेबरोबर पुलापर्यंत आपसूक जायचे, परत येताना हात भरून यायचे आणि मी रडायचे. तसंच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याची धार वाहते, तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर ती ताशी 300 किलोमीटरच्याही वर जाते. विमानाचा वेग 900 च्या आसपास, त्यामुळं एवढ्या धारेचा फरक पडतोच.

हा वारा मोजला इथंच, टोकियोजवळच्या तातेनोमध्ये. वासाबुरो ओइशी नावाच्या शास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात फुगे सोडून मोजला, आणि 1926 साली अहवाल लिहिला एस्पेरांतोत. साऱ्या जगाला समजावी म्हणून मुद्दाम घडवलेली भाषा ती. बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही. भाषेपायी काय काय होतं ते आपल्या सीमाभागात कुणाला सांगायला नको, पण कुणाचीच नसलेली भाषा धरून फसलेला माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

खरी कटकट उतरल्यावरची. 6,700 किलोमीटरला दहा तास, आणि बेंगळूरहून खानापूरच्या 500 ला जवळपास तेवढेच! बाबा, न्यायला येतो म्हणालात ते नको. रात्रभर बसून यायचं, पुन्हा तेवढंच बसून जायचं, आणि गुडघा? मी सकाळची गाडी धरते. तुम्ही खानापूर स्टेशनवर या, तेही रिक्षानं. स्कूटर काढायची नाही.

आई, विमानात उपाशी ठेवत नाहीत, दोनदा खायला देतात. मिठाईच्या दुकानातला कुंदा आत्तापासून आणून ठेवू नकोस, मी येईपर्यंत बाबांचीच साखर वाढेल. जाताना मात्र एक किलो लागेल, ऑफिसात कबूल करून बसलेय.

तुमची,
सुमी