ऑइल सेपरेटर बसवण्याआधी तेल का उडते ते पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारामती, धुळे, गोंदिया येथे वैमानिक प्रशिक्षण चालते. तिथल्यासारख्या छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या पोटाखाली तेलाचा काळा, चिकट पट्टा दिसला की ‘ऑइल सेपरेटर बसवून टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. हा सल्ला घाईचा आहे, आणि कधी कधी इंजिनाच्या मुळावर येणारा.

पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा जळका वायू क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) उतरतोच. तो ब्रीदरच्या (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या) नळीतून बाहेर पडताना तेलाचे तुषार सोबत नेतो. सेपरेटर म्हणजे आत जाळी किंवा पडदे असलेला डबा. तुषार त्यांवर आदळून थेंब होतात आणि नळीवाटे पुन्हा इंजिनात उतरतात. पण त्या वायूत पाण्याची वाफही असते. १०० लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी तयार होते. बहुतेक एक्झॉस्टमधून जाते, थोडे रिंगांवाटे खाली येते. डबा थंड असेल तर या वाफेचे तिथेच पाणी होते आणि तेलाबरोबर पाणी व आम्लही सम्पमध्ये (तेलाच्या टाकीत) परत जाते. डबा उघडल्यावर आत ताकाच्या फेसासारखा पिवळट थर दिसला, तर हेच चालले आहे असे समजावे. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या विमानात गंज आधी तिथेच, कॅम आणि त्याला टेकणाऱ्या टॅपेटवर धरतो.

म्हणून आधी तेलाची पातळी तपासा. सेसना १७२ एस या विमानाच्या सम्पमध्ये ८ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर) तेल मावते आणि ५ क्वार्टच्या खाली उड्डाण करायचे नसते. काठोकाठ भरले की वरचा एखादा क्वार्ट ब्रीदरमधून भराभर उडतो. छोट्या प्रशिक्षण फेऱ्यांसाठी साडेसहाच्या आसपास ठेवून १० तासांत किती तेल घटते याची नोंद करा. बऱ्याचदा पट्टा तेवढ्यानेच आटतो. इंजिन बंद केल्या केल्या डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) पाहू नये. तेल खाली उतरलेले नसते, पातळी कमी दिसते आणि मग जास्तीचे ओतले जाते.

पातळी योग्य असूनही तेल घटत असेल तर डिफरन्शियल कॉम्प्रेशन चाचणी (सिलिंडरमधून हवा किती गळते ते पाहणारी) करा. सिलिंडरला ८० पीएसआय (दाबाचे एकक) हवेचा दाब देऊन ऑइल फिलरशी, म्हणजे तेल ओतायच्या तोंडाशी, कान लावा. तिथे जोराची फुसफुस ऐकू आली तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा. लायकमिंगच्या सूत्राने १८० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या तेलखपाची कमाल मर्यादा ताशी ०.५८ क्वार्ट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडी जास्त येते. निरोगी इंजिन याच्या कितीतरी कमी तेल पिते. रिंगा गेलेल्या इंजिनावर सेपरेटर बसवला तर खुणेचा तो पट्टा नाहीसा होईल, आजार तसाच राहील.

उलटे उड्डाण करणारी कसरतीची विमाने किंवा वेट व्हॅक्यूम पंपाची (इंजिनाच्या तेलाने वंगण मिळणाऱ्या निर्वात पंपाची) जुनी इंजिने यांना सेपरेटर लागतोच. इतरत्र बसवायचाच ठरला तर त्या मॉडेलसाठी मान्यता असलेलाच घ्या. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार बदलाची मंजुरी, नोंद आणि नवे वजन-संतुलन हवे. डबा परतीच्या जोडापेक्षा उंच बसवा आणि परतीच्या नळीला सलग उतार द्या. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचते. प्रत्येक १०० तासांनी डबा सॉल्व्हंटने धुवा, रबरी नळ्या दाबून पाहा. आतून सुजलेली नळी किंवा गाळाने भरलेला डबा क्रँककेसमधला दाब वाढवतो. मग क्रँकशाफ्टचे पुढचे सील निसटते, तेल विंडशील्डवर येते आणि काही मिनिटांत सम्प रिकामा होतो.

ब्रीदरच्या नळीला काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत एक छोटी खाच असते. बाहेरचे तोंड बर्फाने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजले तर वायूला तीच वाट उरते. सेपरेटर बसवताना नवी नळी टाकली जाते आणि ही खाच नेमकी राहून जाते. काम संपल्यावर ती बोटाने चाचपून पाहावी आणि मगच काउलिंग बंद करावे.

आपला,
एक विमान देखभाल अभियंता