त्या रविवारी तू ट्रे पुढे सरकवलास

सोनू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर हे बोलणं मला जमणार नाही. एक तर मम्मी शेजारी बसून खुणा करत असते, आणि दुसरं म्हणजे तू दोन सेकंद गप्प राहिलीस की मी लगेच उपदेश सुरू करतो, शाळेतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी ही सवय गेली नाही. म्हणून टाइप करतोय. आधी बोलून टाइप करायला गेलो तर प्रभुभोजनाचं प्रभू भजन झालं, तेव्हा बोटानेच. चुका असतील तर समजून घे, लाईट पण दोनदा जाऊन आली.

ठरवलं होतं की मागच्या रविवारचा विषय काढायचा नाही. जेवतेस का, झोप लागते का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, एवढंच विचारायचं. पण बघ, काढलाच.

तू प्रभुभोजनाचा ट्रे, भाकर आणि रसाचा, हातात घेतलास आणि काही न घेता शेजारच्या बाईंकडे दिलास. त्यांनी तुझ्याकडं बघितलं, मीही बघितलं, आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती लोक काय म्हणतील ही. तीस वर्षं चर्चच्या मंडळीत पंच होतो ना, कोण घेतंय कोण नाही हे बघायची डोळ्यांना सवय लागलेली असते, वाईट सवय आहे. मग गाडीत तू बोललीस. "जाऊबाईंशी बांगड्यांवरून झालेलं भांडण न मिटवता फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतलं आणि गुरुवारी ब्लीडिंग सुरू झालं." "पप्पा, तुम्हीच शिकवलं होतं ना." सुहासराव नुसते समोर बघून गाडी चालवत होते. मी म्हणालो असं काही नसतं बाळा. दोनदा म्हणालो. पण ते मी असं म्हणालो जसं पाहुण्यांना म्हणतात, छे छे त्रास कसला. तुला ते पुरलं नाही हे मला कळलं आणि मीही मग खिडकीतून बाहेर बघत बसलो.

ते बाळ तुझ्यामुळं गेलं नाही. हे मी आधी लिहून ठेवतो, नंतर लांबण लागते आणि राहून जातं.

आता शिकवलं त्याबद्दल. 2006 चा दृढीकरणाचा वर्ग, प्रभुभोजन घ्यायला लागण्याआधी मुलांना शिकवतात तो, चर्चच्या वेस्ट्रीच्या मागच्या खोलीत, तुम्ही नऊ मुलं होता. मी फळ्यावर पहिलं करिंथ 11, म्हणजे प्रेषित पौलाच्या पत्रातला तो अध्याय, लिहिलं होतं आणि खाली, अयोग्य प्रकारे भाकर घेणाऱ्यांचं काय होतं ते तीन शब्दांत, अशक्त, रोगी, महानिद्रा म्हणजे मरण. आणि त्यावर ती गोष्ट सांगितली, एका माणसाने मनात पाप ठेवून भाकर घेतली आणि घरी जाताना सायकलवरून कॅनॉलमध्ये पडला. ती मी कुणाकडून तरी ऐकलेली होती. खरी की खोटी, कुठल्या गावचा माणूस, मी कधी विचारलं नव्हतं. मुलं एकदम चिडीचूप झाली म्हणून दरवर्षी सांगायचो. त्या महिन्यात तू माझ्या शर्टाच्या खिशातून वीस रुपये घेतले होतेस. शनिवारी रात्री रडत आलीस आणि विचारलंस, उद्या मी मरेन का? आणि सोनू, मला बरं वाटलं. हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नाही. मला वाटलं पोरीला देवाचं भय आहे. मम्मीला मी अभिमानाने सांगितलं. तेरा वर्षांचं लेकरू विचारतंय मी मरेन का आणि बाप खूश.

या आठवड्यात तो अध्याय परत काढून बसलो, या वेळी 17 व्या वचनापासून, कारण वर्गात मी नेहमी 27 पासूनच सुरू करायचो, जो अयोग्य प्रकारे भाकर खाईल तो दोषी ठरेल, तिथून. तिथं मुळात पौल चिडलाय कशावर? पत्र इ.स. 55 च्या आसपासचं, इफिसातून लिहिलेलं. करिंथ म्हणजे बंदराजवळचं पैसेवालं शहर. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या, एखाद्या सधन माणसाच्या घरी मंडळी जमायची आणि प्रभुभोजन म्हणजे खरंखुरं जेवण असायचं. सधन लोक आपलं आपलं आधीच खाऊन घ्यायचे, काही तर पिऊन तर्र, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी. पौल विचारतो, तुम्ही गरिबांना लाजवता काय? "अयोग्य प्रकारे" हे त्याबद्दल आहे. प्रकारे म्हटलंय, अयोग्य माणसाने असं म्हटलेलं नाही, मी मात्र तीस वर्षं तसंच वाचत आलो. योग्य माणसानेच यायचं असतं तर प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या त्या पहिल्या रात्री माडीवर कोण उरलं असतं? लूक 22 बघ, भाकर आणि प्याला देऊन झाल्यावर प्रभू म्हणतो, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर या मेजावर आहे. पेत्र पण तिथंच, प्रभूला नाकारायला आणि कोंबडा आरवायला काही तास बाकी.

आणि 29 व्या वचनातलं "शरीर ओळखणं", ते न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो असं तिथं आहे. पुढच्याच अध्यायात मंडळीला ख्रिस्ताचं शरीर म्हटलंय, म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की शेजारी बसलेला माणूस त्याच शरीराचा आहे हे न ओळखणं असा इथं रोख आहे. मला यावर आपलं नगर आठवतं (पत्त्यावर आता अहिल्यानगर लिहितात पण आपल्या तोंडात नगरच). 1831 ला अमेरिकन मिशनचे लोक इथं आले, आणि पुढं महार, मांग, ब्राह्मण घरातली माणसं एका मेजावरची भाकर खायला लागली, बाहेर सावलीसुद्धा चालत नव्हती त्या काळात. तुझे खापरपणजोबा त्यातलेच. त्यांना कुणी सांगितलं असतं का की घाबरून मागं बस? त्यांचं तर सगळं आयुष्य लोकांनी मागं बस म्हणण्यात गेलं होतं.

पण मी तुला फसवणार नाही. 30 वं वचन तिथं आहे. ते मला खोडता येत नाही. पौल म्हणतोच की यामुळं तुमच्यात पुष्कळ जण अशक्त आणि आजारी आहेत, कित्येक तर मेलेत. पण तो अख्ख्या मंडळीला बोलतोय, एकाही माणसाचं नाव घेऊन तुझा ताप या पापाचा असं म्हणत नाही. आणि 32 व्या वचनात लगेच सांगतो की ही शिस्त लावणं आहे, जगाबरोबर आपण दोषी ठरू नये म्हणून. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी सरळ विचारलं होतं, पाप याचं की आईबापाचं, प्रभू म्हणाला याचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तिथंही तेच, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका.

भीती घालणारा मी एकटाच नाही म्हणा. 1662 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाआधी वाचायचा एक बोध होता, त्यात स्पष्ट म्हटलंय की अयोग्य प्रकारे घ्याल तर देव तऱ्हेतऱ्हेचे रोग आणि मरण पाठवेल. शाळेतले आमचे वसईचे कॅथलिक सर सांगायचे की त्यांच्यात पूर्वी घाबरून वर्षातून एकदाच घेणारे लोक असायचे, 1905 मध्ये पोप दहावे पायस यांनी वारंवार, रोजसुद्धा घ्या असं सांगितलं तेव्हा हळूहळू सैल झालं. आणि कॅल्विन, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक, ज्याला सगळे कडक कडक म्हणतात, त्याने लिहिलंय की हे मेज आजाऱ्यांसाठी औषध आहे. औषध घ्यायला आधी बरं होऊन या असं कुणी म्हणतं का?

झालं, वर्ग सुरू. सॉरी बेटा. तुला पुरावे नको होते, मी पुरावे देत बसलो.

डॉक्टरमॅडम काय म्हणाल्या होत्या ते तरी लक्षात आहे ना? कळून आलेल्या शंभर गरोदरपणांतली दहा ते वीस जातात आणि पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्यांत निम्म्याहून जास्त वेळा गुणसूत्रांचाच घोटाळा असतो. भांडणाने होत नाही, जिना चढल्याने होत नाही. तू तेव्हा मान हलवलीस, मला वाटलं पटलं. म्हणजे तू तिथं बसून मनात रविवार ते गुरुवार दिवस मोजत होतीस आणि मला कळलं नाही.

आता माझं सांगतो. भाऊशी मी अकरा वर्षं बोललो नाही हे तुला माहितीच आहे. आजी गेली त्याच वर्षी विहिरीच्या पाळ्यांवरून वाजलं ते वाजलं. त्याच फेब्रुवारीच्या त्याच पहिल्या रविवारी इकडं मीसुद्धा भाकर घेतली. त्याआधी दर महिन्याला घेतली, ट्रे फिरवले, लोकांना आधी स्वतःची परीक्षा करा म्हणून वर सांगितलं. अकरा वर्षं. मला काय झालं? शुगरसुद्धा नॉर्मल आहे. देव जर असा हिशोब ठेवत असता तर आधी माझ्याकडं यायला पाहिजे होता, माझ्या पोरीकडं कशाला. तुझं भांडण जेमतेम बारा दिवसांचं, त्यातही तुझी चूक अर्धीच.

अर्धी होती मात्र. तेव्हा जाऊबाईंना एक फोन करायला हरकत नाही, मत्तय 5 मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट कर असं... बघ, परत. मी कुणाला सांगतोय. जाऊ दे, तुला वाटेल तेव्हा कर, नाही वाटलं तर नको करू.

आजीचं शेवटचं प्रभुभोजन तू बघितलं नाहीस, तू हॉस्टेलवर होतीस. तिला तेव्हा काहीच आठवत नव्हतं, मला भाऊ म्हणायची आणि भाऊला कोण म्हणून विचारायची. पाळकसाहेब तो छोटा डबा घेऊन घरी आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, राहू द्या, तिला कळत नाही, परीक्षा वगैरे काय करणार ती. त्यांनी माझ्याकडं बघितलं फक्त, आणि आत गेले. तिने भाकरीचा तुकडा खाल्ला, रस प्यायली, आणि म्हणाली, आणखी आहे का? मला इतकं लाजल्यासारखं झालं. पाळकसाहेबांनी दुसरा तुकडा दिला. मग तिने बोटाने ग्लास पुसून बोट चाटलं. ही तीच बाई, गावात होतो तेव्हा दर शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायची, सकाळी कुस्करून फडक्यातून रस गाळायची, आम्हाला एक मनुका उचलू द्यायची नाही. 72 च्या दुष्काळात मनुका कुठल्या, दादा खडी फोडायला जायचे आणि रेशनला तो तांबडा मिलो, परदेशी ज्वारी, मिळायचा. तेव्हा तिने मिलोचीच भाकरी करून दिली होती मेजासाठी, आणि गुळाचं पाणी. मी चौदा वर्षांचा होतो, भाकरी पांढरी नाही म्हणून चालेल का असं मला वाटलं होतं. पाळकांनी मोडली आणि सगळ्यांनी खाल्ली. खाताना कुणी घाबरलेलं मला आठवत नाही, भुकेले होते सगळे. मग ही भीती माझ्यात आली कुठून हेच मी दोन दिवस आठवतोय. घरातून नाही आली एवढं नक्की.

सोनू, तू चर्च सोडशील याची मला भीती नाही. म्हणजे आहे थोडी. पण खरी भीती ही की रात्री सुहासराव झोपल्यावर तू एकटी पडून तोच हिशोब करत असशील, आणि त्या हिशोबातला गणिताचा मास्तर मी आहे. तू लहानपणापासून मनाला लावून घेणारी, मला त्याचं कौतुक होतं, आपली पोर खोटं पचवू शकत नाही म्हणून. आता वाटतं थोडं कमी लावून घेणारी असतीस तर बरं झालं असतं. ते बाळ तुझ्यामुळं गेलं नाही. दुसऱ्यांदा लिहिलं की तिसऱ्यांदा, असू दे.

परवा मी भाऊला फोन लावला. त्याने विचारलं कोण बोलतंय, माझा नंबर सेव्ह नव्हता. पाऊस किती झाला, बाजरी पेरली का, एवढंच बोललो, दोन मिनिटं असेल. विहिरीचं त्यानेही काढलं नाही आणि मीही नाही. ठेवताना म्हणाला, पोरगी कशी आहे. मी म्हणालो बरी आहे. तुला न विचारता सांगितलं.

येत्या पहिल्या रविवारसाठी मी शनिवारीच येतो, तारकपूर स्टँडवरून सकाळची गाडी पकडतो, स्टेशनवर घ्यायला येऊ नका, रिक्षा करतो. चर्चला तुझ्या शेजारी बसेन. तुला घ्यावंसं वाटलं तर घे. नाही वाटलं आणि ट्रे पुढे दिलास तर मी काही म्हणणार नाही, कुणाकडं बघणारही नाही. अजून दोन-चार महिने लागले तरी चालतील. मम्मी शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया देतेय, अजून काही पाहिजे असेल तर शुक्रवारपर्यंत सांग. आणि हिमोग्लोबिनच्या रिपोर्टचा फोटो परत पाठव, मागचा तिरका आला होता, आकडा दिसला नाही.

पप्पा