बाबा, तुमचा वाचायचा चष्मा घेऊन या

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोन मधेच कट झाला. रेंज गेली हे खरं, पण नंतर मी मुद्दाम परत लावला नाही कारण मी चिडले होते. आता शांत झालेय. आई, हे तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, आणि बाबा, तुम्ही मधे मधे बोलायचं नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात की आधी धरणानं आजीचं गाव नेलं, मग अभयारण्यानं राहिलेलं रान नेलं, आणि आता माझीच पोरगी खेडोपाडी जाऊन सांगतेय बिबट्यावर प्रेम करा. रात्रभर डोक्यात तेच फिरत होतं. पण खरं सांगू का, प्रेम करा असं मी कधीच कुणाला म्हणलं नाही, म्हणले असते तर पहिल्याच आठवड्यात या शिराळ्याकडच्या गावांतनं हाकलली असती.

पहिली सभा मी प्रोजेक्टर घेऊन केली होती, पस्तीस स्लाईड. समाजमंदिरात चाळीसेक माणसं, पुढं पोरं, मागं भिंतीला टेकलेले म्हातारे, आणि बरोबर अन्नसाखळीच्या स्लाईडला लाईट गेली. लोकांना हायसं वाटलं असणार. अंधारात एक आजी म्हणाल्या, "बाई, तुमचा वाघ आमची शेळी खातोय आन् तुमी आमाला चितरं दावताय व्हय?" (इथं बिबट्याला पण वाघच म्हणतात, खऱ्या वाघाला पट्टेरी म्हणायचं.) मग त्या अंधारातच दीड तास बोलणं झालं. तेव्हा कळलं की यांचं खरं दुखणं बिबट्या नाहीच, गवा आहे. रात्री दहा-बारा गवे भातात उतरले की सकाळी नुसता चिखल. गणपती झाले की दिवाळीपर्यंत घरातला एक माणूस माळ्यावर जागलीला, मग दुसऱ्या दिवशी तो काय काम करणार? आता काही जणांनी शेताभोवतीच्या तारेला करंट देणारी सोलरची झटका मशीन बसवलीय, पण तारेखालचं गवत कापलं नाही की करंट जमिनीत उतरतो आणि गवा तार तुडवून आत. त्यामुळं मी सध्या वन्यजीव संवर्धन करते म्हणजे गवत कापा म्हणून लोकांच्या मागं लागते.

त्याच सभेत मी आजीचं सांगितलं. ठरवून नाही, एकानं विचारलं तुमचं गाव कुठलं, तर तोंडातून निघून गेलं की सातारा, पण त्याच्या आधीचं कोयना धरणात, शिवसागरच्या पाण्याखाली आहे. आजी सांगायची ना, ६७ चा भूकंप झाला त्याच्या आधीच आपण उठलो होतो, आणि उठताना तिनं जात्याची एकच तळी, खालचा दगड, घेतली कारण दोन्ही दगड उचलवेनात. ते ऐकून मागचे दोन म्हातारे पुढं येऊन बसले. त्यांचं मूळ गाव चांदोलीत होतं. कोयनेचं अभयारण्य १९८५ चं, चांदोली नॅशनल पार्क २००४ चं, दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला २०१० ला, या सगळ्या तारखा मला स्लाईडमुळं पाठ आहेत, पण त्या म्हाताऱ्यांकडं तारखा नाहीत, कुठल्या वर्षी कुठलं रान सुटलं एवढंच आहे. तुमचा राग खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही बाबा. फक्त तो राग असलेली माणसंच इथं माझ्याशी सगळ्यात जास्त बोलतात.

आई, तुला पिल्लांचं सांगायचं राहिलंय. जानेवारीत उसाच्या एका फडात तोड चालू होती, बिबट्याची पिल्लं गं, कोयता मारायला वाकलेल्या बाईला सरीत दोन पिल्लं दिसली, मांजराएवढी, निळसर डोळे, आणि एवढुशी असून आपल्यावर फिस्स करत होती. पाच मिनिटांत पोरं मोबाईल काढून हजर. मी घसा फोडून ओरडले की हात लावू नका, लांब व्हा. वनखात्याची माणसं आली, पिल्लं टोमॅटोच्या कॅरेटात घातली, संध्याकाळी ते कॅरेट पिल्लं सापडली होती त्याच जागी ठेवलं, शेजारी कॅमेरा लावला, आणि आम्ही रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवल्या. मादी नऊच्या सुमारास आली. व्हिडिओत दिसतं, तिनं पंजानं कॅरेट कलतं केलं, एकाला मानेला धरून नेलं, आणि दुसऱ्यासाठी तब्बल दीड तास लावला. तो दीड तास मला लय जड गेला गं. पिल्लं उचलून नेली तर ती त्याच शिवारात शोधत फिरणार, चवताळणार, म्हणून हा सगळा खटाटोप.

सकाळी ती तोडणारी बाई विचारायला आली, नेली का म्हणून. बीडकडची. तिची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उसापासून पन्नास पावलांवर, आणि स्वतःचं बाळ साडीच्या झोळीत. मला लाज वाटली. आम्ही ग्रामसभा घेतो, शाळेत चित्रकला स्पर्धा घेतो, आणि ज्यांची पोरं उसाच्या कडेला उघड्यावर झोपतात ते कुठल्याच ग्रामसभेत नसतात, मतदार इथले नाहीत ना. आता ऊसतोडीची टोळी आली की आधी तिच्या मुकादमाला गाठते. कोप्या उसापासून लांब, रात्री लाईट चालू, लहान पोरगं एकटं परसाकडं पाठवायचं नाही, कारण खाली बसलेलं माणूस बिबट्याला बारकं जनावर वाटतं.

लोकांचं एकच म्हणणं, पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. मी जुन्नरचं सांगते, तिथं २००१ नंतर बिबटे धरून दुसरीकडं सोडायला लागले तर हल्ले वाढले. निम्म्यांना पटतं. उरलेले म्हणतात वनखात्यानंच आणून सोडलेत. त्यात नोव्हेंबर २०२५ ला ताडोबाची वाघीण खरंच चांदोलीत आणली, झालं, आता कसं सांगू की वाघीण आणली पण तुमच्या उसातला बिबट्या इथलाच आहे, उसातच जन्मलाय.

आता मुद्द्याचं. एका काकूंची शेळी मारली, वास नको म्हणून त्यांनी लगेच पुरली. पंचनामा होणार कशाचा? ४८ तासांत कळवायचं, मेलेलं जनावर हलवायचं नाही, १९२६ ला फोन करायचा, एवढं मी शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतलंय. पण पिकाच्या भरपाईला भिंत पुरत नाही. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव, चार भाऊ, सामाईक खातं, वारसनोंद केलेलीच नाही, एक भाऊ मुंबईला तो सही देत नाही. गव्यानं भात खाल्लं कसणाऱ्याचं आणि भरपाईचे पैसे कागदावरच्या मेलेल्या माणसाचे. एकाचा कागद तीनदा परत आला, मला तर फेरफार आणि खातेफोड यातला फरक कळायलाच महिना गेला, आणि तुम्ही तीस वर्षं तलाठी होता.

म्हणून या. शनिवार-रविवार दोनच दिवस. समाजमंदिरात एक टेबल, एक खुर्ची, लोक सातबारा घेऊन येतील, तुम्ही बघून फक्त सांगायचं कुणाचं कुठं अडलंय आणि आधी कुठला अर्ज करायचा. बिबट्याबद्दल एक शब्द बोलू नका, शिव्या घातल्यात तरी चालेल, इथं कुणाला नवीन नाही. सातारहून कराड, कराडहून शिराळ्याची गाडी, मी चारला स्टँडवर थांबते. उशिराची गाडी नको, पुढचा रस्ता दोन्हीकडनं उसाचा आहे आणि माझ्या गाडीचा हेडलाईट सध्या धड नाही (आई, हे वाक्य वाचू नकोस).

वाचायचा चष्मा आठवणीनं घ्या, मागच्या वेळी लांबचा घेऊन आला होता.

तुमची,
ताई

ता.क. आई, जात्याची ती तळी अजून मागच्या दारी आहे ना? त्या दोन म्हाताऱ्यांनी विचारलंय. फोटो पाठव.