पिवळ्या लेबलच्या मालावर भुसा टाकू नका

माननीय संपादक महोदय,

वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीच्या एका रसायन कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. पिवळ्या लेबलचा माल, म्हणजे ऑक्सिजन सोडून दुसऱ्या वस्तू पेटवणारी रसायनं (ऑक्सिडायझर), रस्त्यावर हल्ली कशी नेतात ते बघून हे पत्र लिहावंसं वाटलं.

गेल्या पंधरवड्यात मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) वाटेवर एक छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, उभा होता. मागे हायड्रोजन पेरॉक्साइडचे निळे कार्बॉय (प्लॅस्टिकचे मोठे कॅन) होते, त्यातला एक चक्क आडवा. या कार्बॉयच्या झाकणाला वायू बाहेर जायला बारीक वाट ठेवलेली असते, कारण पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन हळूहळू सुटतच राहतो, उन्हात जरा जास्तच. आडवा ठेवला की त्याच वाटेने माल गळतो. गाडीतला पोरगा गळतीखाली गोणपाट कोंबत होता आणि शेजारच्या फर्निचरवाल्याने मदत म्हणून लाकडाच्या भुशाचं घमेलं आणलं होतं. मी ओरडलो, ‘‘वहेर ना नाखो!’’ (भुसा टाकू नका!) ड्रायव्हर म्हणाला, ‘‘काका, पाणी जेवुं ज छे.’’ (पाण्यासारखंच आहे.) तोवर त्या पोराच्या बोटांची टोकं चुन्यासारखी पांढरी पडली होती. समोरच्या सर्व्हिस स्टेशनचा पाइप मिळाला म्हणून बरं. आधी त्याचे हात धुतले, मग कार्बॉय उभा करून गाडीचा हौदा, रस्ता आणि गोणपाट भरपूर पाण्याने भिजवलं.

ऑइल सांडलं की भुसा टाकायचा, ही सवय वाईट नाही. पण हा माल स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. भुसा, गोणपाट, चिंध्या, ग्रीस यांना तो ऑक्सिजन पुरवतो, आणि आग कधी कधी तासाभरानेही धरते. याच जातीच्या क्लोरेट किंवा नायट्रेटच्या पाण्याने भिजलेले कपडे तर वाळल्यावर जास्त धोक्याचे. ते दोरीवर टाकण्याआधी खळखळून धुवायलाच हवेत.

आग लागलीच तर लोक भिंतीवरचा पावडरचा सिलिंडर उचलतात. तो हवा तोडून आग विझवू पाहतो, पण इथे ऑक्सिजन मालातूनच येतो, त्यामुळे पावडर आणि फोम वाया जातात. लागतं ते भरपूर पाणी, तेही लांबून. सोडियम पेरॉक्साइडसारखे थोडे अपवाद आहेत, त्यांना पाणी चालत नाही. म्हणून तर गाडीवर मालाचं नाव आणि यूएन नंबर (धोकादायक मालाचा ठरलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) असावा लागतो.

हवा कोंडून ही आग विझत नाही याचा दाखला अमेरिकेतल्या टेक्सास सिटीचा आहे. १६ एप्रिल १९४७ रोजी तिथल्या बंदरात अमोनियम नायट्रेटने भरलेल्या जहाजाला आग लागली. पाण्याने माल खराब होईल म्हणून झाकणं बंद करून आत वाफ सोडली गेली. जहाज फुटलं, पाचशेहून जास्त माणसं गेली आणि गावच्या अग्निशमन दलातल्या २८ पैकी २७ जणांचा त्यात अंत झाला.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाच्या गाडीवर माहितीची पाटी, ड्रायव्हरजवळ ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेला कागद) आणि त्याला प्रशिक्षण, सगळं लिहिलंय. मोठ्या टँकरवर ते दिसतंही. चार कार्बॉय नेणाऱ्या टेम्पोला मात्र कोण विचारतो? शेठला भाड्यात शंभर रुपये वाचले की झालं. खरं तर पिवळ्या चौकटीत गोलावर ज्वाळा, एवढं चित्र ओळखता आलं तरी पुष्कळ. ते दिसलं की विडी विझवायची, द्रव सांडला असेल तर चहूबाजूंनी निदान ५० मीटर आणि भुकटी असेल तर २५ मीटर माणसं मागे न्यायची आणि १०१ ला फोन करून मालाचं नाव सांगायचं. सांडलेली भुकटी स्वच्छ प्लॅस्टिकच्या फावड्याने कोरड्या, वेगळ्या डब्यात भरावी, झाकण सैल ठेवावं. ‘माल फुकट जातो’ म्हणून ती परत मूळ ड्रममध्ये ओतणारे मी बघितलेत. त्यांना काय म्हणावं!

कारखान्यांत मॉक ड्रिल होतात. महापालिकेने तसं एक ड्रिल टेम्पोवाले, हमाल आणि लाकडाच्या वखारवाल्यांसाठी घ्यावं, गुजरातीत, दांडिया बाजारच्या फायर स्टेशनवर, रविवारी सकाळी. तेव्हा भाडी कमी असतात. दाखवायला रिकामे, धुतलेले कार्बॉय लागतील, ते मी मिळवून देईन.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर, दांडिया बाजार, वडोदरा