स्विस ग्राहकासाठी जर्मनीची जाहिरात पुरत नाही

संपादक,
स. न. वि. वि.

भारत आणि एफ्टा देशांमधला (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनस्टाइन) व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि कोल्हापुरी चपला, हातमागाचे स्टोल थेट स्विस ग्राहकाला ऑनलाइन विकण्याची चर्चा आपल्याकडे सुरू झाली. आयात शुल्काचा अडसर खरं तर आधीच गेला होता. औद्योगिक मालावरचं शुल्क स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून सगळ्याच देशांसाठी काढून टाकलं आहे. घोडं अडतं ते जाहिरातीत आणि दुकानाच्या पानावर. जर्मनीसाठी आखलेल्या मोहिमेत स्वित्झर्लंडच्या नावापुढे फक्त खूण करायची आणि ऑर्डरी का येत नाहीत म्हणून बजेट वाढवत राहायचं, हा प्रकार थांबायला हवा.

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक किमतीवर तुटतं. किंमत युरोत किंवा डॉलरमध्ये नको. ग्राहकाला दाखवायची किंमत स्विस फ्रँकमध्ये आणि करासह असावी, हा तिथला कायदाच आहे. सर्वांत लहान नाणं ५ रॅपनचं (१०० रॅपन म्हणजे एक फ्रँक), त्यामुळे ७९.९९ ही किंमत पाहताक्षणी परकी वाटते. ७९.९० लिहा. आता हिशेब बघा. कर न मिळवता चपलेचा जोड ७९.९० फ्रँक आणि टपालखर्च १५ फ्रँक धरला, तर ८.१ टक्के व्हॅट लागतो तो टपालासकट ९४.९० वर, म्हणजे सुमारे ७.७० फ्रँक. शिवाय पार्सल कस्टम्समधून सोडवून आणल्याचा आकार कुरिअरवाला वेगळा लावतो, आणि तो कधी कधी कराहून मोठा असतो. हे पैसे दारात मागितले की ग्राहक पार्सल परत पाठवतो, आणि परतीचं भाडं विक्रेत्याच्या बोकांडी बसतं. म्हणून सगळे कर आणि आकार विक्रेत्याने आधीच भरण्याच्या अटीवर माल पाठवावा आणि अंतिम रक्कम पानावर सुरुवातीलाच सांगावी.

कराची रक्कम ५ फ्रँक किंवा त्याहून कमी भरत असेल तर ती वसूल केली जात नाही. म्हणजे टपालासह साधारण ६१ फ्रँकपर्यंतचं पार्सल करातून सुटतं, ४४.९० चा जोड अधिक १५ टपाल हे गणित बसतं. मात्र अशा छोट्या पार्सलांची वर्षाची उलाढाल १ लाख फ्रँकवर गेली की विक्रेत्याला स्विस व्हॅटची नोंदणी करावी लागते आणि ही सवलत संपते.

दुसरी गळती ऑर्डरच्या फॉर्मवर होते, आणि तिकडे कोणाचंच लक्ष नसतं. आपल्याकडचे तयार फॉर्म सहा आकडी पिनकोड आणि दहा आकडी मोबाइल नंबर मागतात. स्विस पिनकोड चार आकडी असतो, फोन नंबर +४१ नंतर नऊ आकडी, आणि पत्त्यात राज्य लिहायची पद्धतच नाही. पैसे द्यायला तयार असलेला माणूस ‘पिनकोड चुकीचा’ या लाल ओळीपाशी अडतो आणि निघून जातो. पैसे भरण्याच्या पर्यायांत ट्विंट हे मोबाइल अ‍ॅप हवंच. पेमेंट गेटवेशी करार करण्याआधी ते मिळेल का, हे विचारून घ्या. माल आल्यावर बिलावर पैसे भरण्याची सवयही तिथे पक्की आहे, पण बुडीत रकमेची जोखीम घेणारी मध्यस्थ कंपनी मिळाल्याशिवाय नव्या विक्रेत्याने तो पर्याय देऊ नये.

भाषेचं म्हणाल तर सुमारे ६२ टक्के लोकांची मुख्य भाषा जर्मन, २३ टक्क्यांची फ्रेंच, ८ टक्क्यांची इटालियन. बजेट तुटपुंजं असेल तर तिन्हीकडे थोडं थोडं शिंपडू नका. एकच भाषा घ्या आणि उत्पादनाच्या पानापासून तक्रारीच्या उत्तरापर्यंत त्याच भाषेत सेवा द्या. भाषा ठरवताना ब्राउझरची भाषा बघा, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नव्हे. मोबाइल नेटवर्कचा आयपी पुष्कळदा भलतंच शहर दाखवतो. शिवाय बर्न, फ्रिबूर आणि व्हाले ही कँटन (तिथले प्रांत) मुळातच दुभाषी आहेत. भाषा बदलण्याच्या बटणावर जर्मनीचा किंवा फ्रान्सचा झेंडा तर मुळीच लावू नये. जर्मन मजकूर स्विस संपादकाकडून तपासून घ्यावा, कारण जर्मनीतली काही अक्षरचिन्हं आणि रोजचे शब्दही तिथे चालत नाहीत.

‘जगात सर्वोत्तम’ छापाची विशेषणं मी तरी सरसकट काढून टाकीन. त्याऐवजी कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे, जोडाचं वजन किती, तळपायाची लांबी सेंटिमीटरमध्ये किती आणि युरोपीय माप कोणतं, हे द्या. पावसात भिजली तर चप्पल खराब होते, हेही स्पष्ट लिहा; तिथे उन्हाळ्यातही पाऊस पडतो आणि न सांगितलेली गोष्ट तक्रार होऊन परत येते. ‘हवामानाला शून्य अपाय’ असले दावे पुराव्याशिवाय करणं १ जानेवारी २०२५ पासून अनुचित स्पर्धेविरुद्धच्या तिथल्या कायद्याने बेकायदा ठरतं. पाकिटावर स्विस झेंड्यावरचा क्रॉस छापायचा मोहही टाळावा.

ई-मेल पत्त्यांच्या विकत मिळणाऱ्या याद्या आपल्याकडे सर्रास वापरतात. स्वित्झर्लंडमध्ये संमतीशिवाय घाऊक जाहिराती पाठवणं बेकायदा आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण कायद्यात २,५०,००० फ्रँकपर्यंतचा दंड मुख्यतः जबाबदार व्यक्तीला होतो, कंपनीला नव्हे. माल परत घेण्याबाबत मात्र गैरसमज आहे. युरोपीय संघासारखा १४ दिवसांत खरेदी रद्द करण्याचा सरसकट कायदेशीर हक्क तिथे नाही. तरी मोठी दुकानं ती सोय स्वतःहून देतात, म्हणून ग्राहक ती गृहीत धरतो. परतीचा पत्ता कोल्हापूरचा असेल तर तो विकत घेणारच नाही. स्वित्झर्लंडमधलाच पत्ता भाड्याने घ्या, नाहीतर स्वस्त मालावर वस्तू परत न मागता पैसे द्या आणि तो खर्च किमतीत आधीच धरा.

जिल्हा उद्योग केंद्रांच्या निर्यात शिबिरांत करारातल्या सवलती शिकवताना वरच्यासारखा एका पार्सलचा पूर्ण हिशेब आणि स्विस पत्त्याचा नमुना फॉर्म प्रत्येकाकडून भरून घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
परदेशी ऑनलाइन विक्रीचा सल्लागार, पुणे